अण्णांनी अकराव्या मजल्यावरची फरशी वाजवून बघितली

आधीच सांगून टाकतो, मी असल्या गोष्टींची टर उडवणारा माणूस आहे. या सदरातले गूढ अनुभव ऑफिसच्या मराठी ग्रुपवर टाकून खाली हसण्याचे इमोजी लावणारा मीच. सोळा वर्षं दुबईत एसीच्या कामात आहे. भिंतीतनं आवाज येतो म्हणून लोक घाबरून फोन करतात आणि तो आवाज डक्टचा आहे हे दाखवून देणं, हेच माझं पोट भरण्याचं साधन. त्यामुळं खालचं वाचून कुणी हसलं तर माझी ना नाही. फक्त शेवटपर्यंत वाचा, मग हसा.

मी कसबा बावड्याचा. आमचे वडील, अण्णा, गवंडी होते. ठेकेदार नव्हे, बिल्डर नव्हे... गवंडी. हातात थापी, डोक्यावर टोपी आणि खांद्याला कापडी पिशवी. बावड्यात साखर कारखान्याच्या अलीकडं जी घरं उठली, त्यातल्या कितीतरी घरांच्या फरश्या त्यांच्या हातच्या. आई गेल्यापासून ते एकटेच राहायचे, आणि दोन गल्ल्या सोडून दिलेली माझी थोरली बहीण, ताई, दोन वेळचं बघायची.

अण्णांना एक खोड होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. कुणाच्या वास्तुशांतीला लोक आहेर घेऊन जातात, अण्णा पेन्सिल घेऊन जायचे. जेवणाच्या पंगती बसलेल्या असायच्या आणि हा माणूस नव्या घराच्या कोपऱ्यात उकिडवा बसून बोटाच्या पेरानं एकेक फरशी वाजवत पुढं सरकायचा. टक्... टक्... टक्... खाली माल नीट भरलेला नसला की फरशी पोकळ वाजते, आणि अशी फरशी वर्षा-दोन वर्षांत उचलते. अशी सापडली की अण्णा तिच्यावर गोल काढायचे, गोलात एक टिंब. पाण्याचा उतार चुकलेला असला की बाण काढायचे — पाणी कुठं पळतंय ते दाखवायला. त्या बाणाला टोकाची एकच रेघ असायची, दुसरी काढायचा त्यांना कायम कंटाळा. शाळा तिसरीपर्यंत, त्यामुळं लिहिणं जवळजवळ नाहीच. लिहिलंच तर जसं बोलायचे तसंच.

यजमान ओरडायचा, "अण्णा, पानावर बसा की आता!"

"बसतो की. एवढा कोपरा हू दे."

"अवं, पूजा झाली नव्हं सकाळी!"

"पूजेनं माल भरतोय व्हय खाली?"

आई डोक्याला हात लावायची. आमच्या एका चुलत्यांच्या नव्या टाइल्सवर अण्णांनी अकरा गोल काढले होते, काकू तोंडाला पदर लावून रडल्या होत्या. पुढच्या पावसाळ्यात नेमक्या त्याच फरश्या उचलल्या आणि काका गुपचूप अण्णांनाच बोलवायला आले. अण्णा गेले, एक शब्द न बोलता बसवून दिल्या. असा माणूस.

तर मी दुबईत फ्लॅट घेतला. राहायला नाही, इन्व्हेस्टमेंट म्हणून. तिकडं नोकरी करणारे सगळेच घेतात, इमारत उभी राहायच्या आधीच बुकिंग करायचं, ताबा मिळाला की भाड्यानं द्यायचा. मी मे महिन्यात घरी आलो तेव्हा लॅपटॉपवर अण्णांना सगळं फिरवून दाखवलं. हॉल, किचन, बाल्कनी, बाल्कनीतनं दिसणारं निळं पाणी.

अण्णांनी चष्मा लावून बघितलं. "ह्यात भिंत कुठं हाय?"

"ही काय अण्णा."

"ही चित्रं हायत रं. तू जाऊन हात लावून आलाईस का?"

"अजून बांधकाम चालू आहे. अकराव्या मजल्यावर आहे."

"आणि राहायला कवा जाणार?"

"राहायचं नाही, भाड्यानं द्यायचा. म्हणून तर घेतला."

अण्णा म्हणाले, "भाडेकरू काय हवेत चालतोय व्हय? फरशीवरच चालणार की त्यो. त्याची बारकी पोरं आपटली म्हंजे?"

मी हसलो. मनीषा, माझी बायको, तीही हसली. अण्णा मात्र हसत नव्हते. "किल्ली घ्यायच्या आधी मला ने," म्हणाले. "एकदा वाजवून बघतो. मग दे कुणाला द्यायचा त्यो." आयुष्यात त्या माणसानं माझ्याकडं काही मागितलेलं मला आठवत नाही. हे एवढं एकच.

मी म्हणालो, बघू.

मी परत गेल्यावर अण्णांनी ताईच्या मागं लागून पासपोर्ट काढला. मला नंतर कळलं. पासपोर्ट ऑफिसात बोटांचे ठसे काही येईनात. सिमेंटनं सगळ्या रेषा खाल्लेल्या. ताई सांगते, तिथली पोरगी परत परत बोटं पुसून मशीनवर दाबत होती आणि अण्णा तिलाच धीर देत होते, "हू दे, सावकाश हू दे, मला कामावर जायचं न्हाई." अखेर आले एकदाचे. पासपोर्ट घरी आला त्या दिवशी त्यांनी अख्ख्या गल्लीला दाखवला.

आणि मी काय केलं? मी कारणं दिली. आत्ता उन्हाळा आहे, आत्ता रजा नाही, आत्ता व्हिसाचे नियम बदललेत. सगळी खोटी. व्हिसा चार दिवसांत मिळतो, मनीषाच्या आई-वडिलांना मी तीनदा आणलंय. खरं कारण असं की मला लाज वाटत होती. त्या इमारतीची लॉबी संगमरवरी, तिथं सूटबूट घातलेली माणसं, माझ्याच ऑफिसातल्या दोघांनी त्याच मजल्यावर फ्लॅट घेतलेले. आणि त्यांच्यापुढं माझा बाप पायजमा-टोपीत उकिडवा बसून फरशी वाजवणार. ऑफिसात मी वडील 'कन्स्ट्रक्शनमध्ये आहेत' असं सांगितलं होतं. लिहिताना आत्ताही तोंड कडू होतंय, पण इथं खोटं लिहून काय उपयोग.

ताबा मिळायची वेळ आली. तिकडं ताब्याआधी एखादी तपासणी कंपनी लावतात. त्यांचा माणूस येऊन घरातल्या चुकांची यादी काढतो आणि ती बिल्डरला दुरुस्त करून द्यावी लागते. मी शनिवारची वेळ घेतली. त्याआधीच्या रविवारी नेहमीप्रमाणं अण्णांना फोन लावला आणि बोलता बोलता सांगून बसलो.

"कोण बघणार?" अण्णा.

"कंपनी आहे. मशीन घेऊन येतात. भिंतीच्या आतली ओलसुद्धा दिसते."

"मशीनला कान हायत का?"

"अण्णा..."

"मी येतो की. पासपोर्ट हाय. ताई बसवून देतीया इमानात, तू फकस्त उतरवून घे."

"थंडीत या. आरामात या, फिरायला."

"थंडीत घर भाड्यानं गेलेलं असणार. मग काय भाडेकरूचं तोंड बघू?"

दिवसभर साइटवर तापून आलेलो, डोकं फिरलेलं होतं. हेही कारणच म्हणा. मी एकदम ओरडलो, "अण्णा, इथं असलं चालत नाही! चार लोकांत मला मान खाली घालायला लावू नका!"

अण्णा म्हणाले, "बरं." आणि फोन ठेवला.

तेच शेवटचं.

मंगळवारी सकाळी ताईचा फोन आला. अण्णा सकाळी लवकर आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा आणि टोपी घालून, पिशवी मांडीवर घेऊन बाहेरच्या सोप्यात खुर्चीवर बसले होते. ताई डबा द्यायला आलेली, तिनं विचारलं, "कुठं निघालाईसा?" तर म्हणाले, "जरा काम हाय." ती चहा टाकायला आत गेली. कप घेऊन बाहेर आली तर मान एका बाजूला कललेली. साडेनऊ झाले होते, म्हणजे दुबईत आठ. मी त्या वेळी सिग्नलला उभा होतो... मागचे हॉर्न वाजवत होते आणि मला गाडी कशी पुढं न्यायची ते आठवेना.

गोव्याला उतरून आंबोली, आजरा करत बुधवारी सकाळी पोचलो. माझ्यासाठी ठेवले होते. तोंड बघितलं, पाय धरले. सॉरी म्हणालो — मराठीत शब्दच सुचला नाही बघा, बापाला सॉरी म्हणालो.

शुक्रवारी रक्षाविसर्जन. नैवेद्य ठेवून आम्ही मागं सरतोय तोवर कावळा शिवला. माणसं म्हणाली, "काय मागं ऱ्हायलं न्हाई म्हाताऱ्याचं, सुखानं गेला." मला त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं. काय ऱ्हायलं ते मला माहीत होतं की!

शनिवारची तपासणी या सगळ्यात मी साफ विसरलो होतो. रद्द करायचंही सुचलं नाही. दुपारी दारातल्या मांडवात माणसं भेटायला येत होती आणि फोन वाजला. तपासणी कंपनीचा माणूस, बिजू नावाचा, केरळचा. चिडलेला.

"सर, आपने दूसरा कंपनी को भी दिया था क्या?"

मी म्हटलं नाही.

"तो सर, पूरा घर में पेन्सिल से मार्किंग कैसे है?"

मी त्याला सांगितलं की घरात दुःख झालंय, काय असेल ते व्हॉट्सअॅपवर टाक. टाकले त्यानं फोटो. एकामागनं एक यायला लागले. किचनची पांढरी फरशी, तिच्यावर पेन्सिलचा गोल. गोलात टिंब. किचनमध्ये असे आठ. हॉलमध्ये चार. बेडरूममध्ये दाराजवळ दोन. एकूण चौदा. आणि शेवटच्या फोटोत बाथरूम. फरशीवर बाण, जाळीकडं नव्हे तर उलटा, दाराकडं. टोकाला एकच रेघ. त्याच्या खाली वाकड्या अक्षरात लिहिलेलं —

पाणी हिकडं येतंय.

बिजूनं पुढं लिहिलं होतं की त्यानं स्वतःच्या दांडीनं अख्खं घर वाजवून बघितलं. चौदाच्या चौदा पोकळ. पंधरावी सापडली नाही. बाथरूममध्ये बादली ओतली, पाणी सरळ दाराकडं आलं. 'हे ज्यानं केलंय तो माणूस चांगला आहे सर, त्याचा नंबर द्या,' असंही त्यानं लिहिलं होतं.

मांडवात शेजारी मारुतीनाना बसले होते. तीस वर्षं अण्णांच्या हाताखाली माल कालवलेला माणूस. मी काही न सांगता फोन त्यांच्यापुढं धरला. मुद्दामच काही सांगितलं नाही, हे लक्षात घ्या. त्यांनी चष्मा सारखा केला आणि एकेक फोटो बघितला.

"हे कुठलं घर गा? मी न्हवतो व्हय संगट?"

"कशावरनं अण्णांचं म्हणताय, नाना?"

"आता काय सांगायचं? तीस वर्सं ह्योच लंगडा बाण बघतोय की. आणि त्येंचं अक्षार मला कळत न्हाई व्हय?" मग म्हणाले, "कवाचं हाय हे? मला न सांगता कुठं गेलते?"

मी म्हणालो, "नाना, हे दुबईचं आहे. माझं."

नानांनी फोन माझ्या हातात परत दिला. एवढंच म्हणाले, "मंग गेलते तर."

ताईला दाखवला. तिनं फोटो बघितला आणि मला एक चापट मारली. खरोखर मारली, माणसांच्या देखत. मग माझ्याच गळ्यात पडून रडली. मी तेव्हा पहिल्यांदा रडलो, तोवर रडू आलं नव्हतं.

आता तुम्ही जे म्हणणार ते सगळं मी स्वतःला म्हणून झालंय. बिल्डरच्याच एखाद्या मिस्त्रीनं आधी तपासलं असेल. आपल्याकडचा कुणीतरी असेल. मान्य. म्हणूनच कार्य उरकून परत गेलो ते विमानतळावरनं थेट इमारतीतच गेलो. पण तोवर उशीर झाला होता. बिजूचा रिपोर्ट नेमानं बिल्डरकडं गेला होता आणि पहिल्यांदाच त्या लोकांनी वेळेत काम केलं होतं. चौदा फरश्या बदललेल्या, बाथरूमचा उतार नवा, सगळं धुऊन पुसून लख्ख. मी साइट मॅनेजरवर एवढा ओरडलो की तो गांगरला. "सर, लोक काम झालं नाही म्हणून ओरडतात," म्हणाला. त्याला काय सांगणार!

पण माहिती त्यानं दिली. किल्ली ऑफिसच्या कपाटात, वहीत सही करून न्यायची. वहीत त्या महिन्यात तपासणीपर्यंत एकच सही, बिजूची, शनिवारची. मजल्यावरच्या कॅमेऱ्यात त्या आठवड्यात बिजू येईपर्यंत माझं दार उघडलेलं दिसत नाही. मी बसून बघितलं, दोन दिवस बघितलं. फरशीचं काम करणारे सगळे बांगलादेशचे. मराठी लिहिणारं माणूस साइटवर एकही नाही. आणि अण्णांसारखाच कुणी जुना मिस्त्री म्हणावा, तर सत्तरी ओलांडलेल्या माणसाला तिकडं कामाचा व्हिसा कोण देतो?

मी निघालो. लॉबीतनं जायचं धाडस होईना म्हणून मागच्या फाटकानं गेलो. तिथं रखवालदार होता, उत्तर प्रदेशचा, पन्नाशीचा. सहज विचारायचं म्हणून विचारलं, त्या मंगळवारी कुणी म्हातारा माणूस आला होता का?

तो लगेच म्हणाला, "हाँ साब. सफेद टोपी. थैला था." त्या दिवशी पुढची लिफ्ट दुरुस्तीला बंद होती म्हणून त्याला वारही आठवत होता. सकाळची वेळ, साडेआठ-नऊ. म्हातारा लॉबीच्या दारापर्यंत गेला, काचेतनं आत बघितलं आणि वळून मागच्या फाटकाकडं आला. मोडक्या हिंदीत विचारलं, अकराव्या मजल्यावर कसं जायचं. यानं त्याला मजुरांची सामानाची लिफ्ट दाखवली.

"तुम्ही नाव विचारलं नाही? कुणाचा कोण, काही?"

"पूछा ना साब. मैंने पूछा, ऊपर जिसका घर है, उसके कौन लगते हो?"

"मग?"

"बोला, कोई नहीं. मिस्त्री हूँ."

माझ्या खिशातल्या फोनमध्ये अण्णांचा फोटो होता, दाखवला असता तर एका मिनिटात निकाल लागला असता. मनीषा अजून मला त्यावरनं बोलते. नाही दाखवला. तो 'नाही, हे नव्हते' म्हणाला असता तरी मला सोसलं नसतं आणि 'हो' म्हणाला असता तरी नाही.

फ्लॅट अजून रिकामा आहे. एजंट रोज फोन करतो, मी उचलत नाही.

किल्ली न घेता दार कसं उघडलं, साडेनऊला बावड्यात मान टाकलेला माणूस त्याच सकाळी तिकडं फाटकावर कसा, कॅमेऱ्यात काहीच का नाही... कुणाकडं याचं उत्तर असेल तर खाली लिहा, मी प्रत्येक शब्द वाचीन. फक्त माझ्या वडिलांनी तिथं स्वतःला माझं कुणी नाही असं का सांगितलं, ते मला कुणी समजावू नका. तेवढं एक मला माहीत आहे.